थेंब थांबेपर्यंत

काशिनाथभाऊ आज कुठे कुठे जाऊन आले, हे किन्हवलीत कुणाला विचारावं लागत नसे. खाली बघत चाललं की पुरे. चहाच्या टपरीपुढे रुपयाएवढा काळा डाग असला, तर भाऊ चहा पिऊन लगेच निघालेले असत. दवाखान्यासमोर भाकरीएवढा असला, तर डॉक्टर जागेवर नव्हते. सोसायटीच्या गोदामापुढे डागांची रांगच दिसली, तर खत अजून आलेलं नव्हतं आणि भाऊ पुन्हा पुन्हा जाऊन बघत होते. शिलालेखांवरून पंडितांना जेवढं कळतं त्याहून जास्त आम्हाला त्या जीपच्या गिअरबॉक्समधून गळलेल्या तेलावरून कळायचं, आणि आमच्यात वादही कमी व्हायचे.

मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. खोली मिळाली ती भाऊंच्या शेजारी. मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. भाऊ नुकतेच सरकारी ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते. खात्याचं नाव सांगत नाही. सगळ्याच खात्यांना ते आपलं वाटावं. नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्यांनी साहेबांच्या एकाच जीपवर काढली. ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत खात्याने तिलाही मोडीत काढलं. लिलावात भाऊंनी ती घेतली. निवृत्तीनंतर कुणी देवधर्माला लागतो, कुणी शेतीला. भाऊ ज्या खुंट्याला बांधलेले होते, तो खुंटाच उपटून घरी घेऊन आले.

नोकरी सुटली, पण नोकरीची भाषा सुटली नाही. ते बाजाराला जात नसत, 'सरळगावचा दौरा' काढत. लेकीच्या घरी 'व्हिजिट' देत. घरात काकींशी खटका उडाला असला आणि मी कुंपणावरून चौकशी केली, तर म्हणत, "परिस्थिती नियंत्रणात हाय." दाढी रोज, खाकी शर्टाला इस्त्री रोज. जीपमधली त्यांची स्वतःची सीट फाटून आतला काथ्या बाहेर आला होता. तिच्यावर गोणपाट टाकलेलं. शेजारची डावीकडची सीट मात्र कोरीकरकरीत, आणि तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल. तो दर दोन दिवसांनी धुतला जाई. त्या सीटवर बसायचे ते साहेब आता येणार नव्हते. पण देव गेला म्हणून देवघर कुणी मोडत नाही.

साहेब लोकांविषयी त्यांची मतं अनुभवातून आलेली होती. "सर, साहेब दोन तऱ्हेचे," त्यांनी मला एकदा सांगितलं. "एक दरवाजा आपटणारे, एक हळूच लावणारे."

"आपटणारे वाईट?"

"नाय वो. आपटणारा खातो तं सगल्यांना आवाज येतो. हळू लावणाऱ्याचं कायपण कळत नाय."

एवढं ठाऊक असूनही खुर्चीवरचा माणूस दिसला की त्यांची पाठ आपोआप सरळ व्हायची आणि हात दरवाजाच्या कडीकडे जायचा. आमच्या शिक्षण संस्थेचे चेअरमन महिन्यातून दोनदा फुकट सरळगावला जात ते याच हाताच्या जोरावर. त्यांची स्वतःची गाडी होती; पण काशिनाथभाऊंसारखा दरवाजा उघडणारा माणूस तिच्याबरोबर मिळालेला नव्हता.

खंडेनवमीला बाकीचे लोक गाडी धुतात, झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. भाऊ गाडी रंगवत. बाहेरून खात्याचा मूळ हिरवा, आणि आतून, खालून, जो उरलेला रंग मिळेल तो. शाळेच्या बाकांचा निळा, ग्रामपंचायतीच्या दारांचा तपकिरी, लेकीच्या लग्नात मांडवाच्या खांबांना दिलेला गुलाबी. गोणपाट टाकून ते गाडीखाली उताणे पडत आणि ब्रशने तिचं पोट रंगवत. मग वरून तळाचा पत्रा उचलून गिअरबॉक्सच्या माथ्यालाही हात देत. ब्रश पोचला नाही तिथे बोटाने.

"जे दिसतच नाही त्याला कशाला रंग, भाऊ?"

"अंगोल करताना तुमी नुसतं तोंडच धुता काय, सर?"



जीप आणली तेव्हा गळत नव्हती. गळायला लागली ती पहिल्याच वर्षी, थंडीत. भाऊंचं निदान असं होतं की, नोकरीत होती तोवर ती धाकाने गळत नव्हती. सुरुवातीला ते गाडीखाली बसून थेंब बोटावर घेत, दोन बोटांत चोळून नाकाशी नेत आणि म्हणत, "ताजं हाय." जणू गळणारं तेल ताजं असणं ही समाधानाची गोष्ट होती. चंद्राकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सारवलेल्या अंगणाची दशा बघून तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, कडा वळवून त्याचं तबक केलं आणि गाडीखाली सरकवून दिलं. साठलेलं तेल गावाला फुकट मिळे. वाळवी लागू नये म्हणून लोक ते घराच्या मेढींना फासत. त्या वर्षांत किन्हवलीतल्या निम्म्या घरांचे खांब भाऊंच्या गिअरबॉक्सवर उभे होते म्हटलं तरी चालेल.

पण काकींचं आणि जीपचं कायमचं फाटलं ते त्याच थंडीत, त्यांच्या भाचीच्या लग्नाच्या दिवशी.

काकींचं माहेर मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी. भाच्यांमधली ही सगळ्यात थोरली, काकींच्या हाताखाली वाढलेली. भावाने लग्नासाठी म्हणून काकींना आधीच साडी पाठवली होती, मोरपंखी रंगाची. घरची गाडी, नवी साडी आणि मालकीणबाई पुढे बसून माहेरी निघालेल्या. गावातून जाताना काकींनी ओळखीच्या प्रत्येक दारापाशी भाऊंना हॉर्न वाजवायला लावला. नाक्यावर खात्यातले एक जुने साहेब उभे होते. त्यांची गाडी बंद पडली होती. भाऊंनी जीप थांबवली, खाली उतरून वळसा घालून डावीकडचा दरवाजा उघडला. मागे आहेराची भांडी आणि पाहुणे खच्चून भरलेले. काकी सरकल्या आणि दोन सीटच्या मध्ये, गिअरच्या दांड्यांच्या दोन बाजूंना पाय टाकून बसल्या. साहेब सरळगावला उतरायचे होते. भाऊंनी त्यांना आग्रह करून थेट मुरबाडपर्यंत पोचवलं आणि तिथून मागे फिरले. एवढ्या वेळात गाडी चांगलीच तापली आणि गिअरच्या दांड्याच्या बुडातून तेल वर यायला लागलं. मांडवात उतरल्या तेव्हा काकींच्या साडीच्या निऱ्यांवर गुडघ्यापासून खाली काळा ओघळ होता. "वन्स, घरातनं आल्यात की गॅरेजातनं?" वहिनीने विचारलं, आणि बायका हसल्या. लग्न लागेपर्यंत आणि त्यानंतरच्या पंगतीतही काकी मांडीवर टॉवेल घेऊन बसून राहिल्या. तो टॉवेल साहेबांच्या सीटवरचाच होता, असं मला त्यांच्या लेकीने नंतर सांगितलं.

परतताना काकी एसटीने आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी भाऊंना सांगितलं, "हिचं गळणं थांबत नाय तवर मी या गाडीत पाय ठेवणार नाय."

भाऊंना वाटलं, आठ दिवसांचा राग. तो पुढचं शतक लागलं तरी चालू होता.

काकी हट्टी होत्या, पण भांडकुदळ नव्हत्या. माहेरी जायचं असलं की त्या एसटीने जात आणि त्यांच्या पिशव्या जीपने. सामानाने शपथ घेतलेली नव्हती. एसटी पुढे आणि तिच्या मागे भाऊंची जीप, अशी ती यात्रा निघे. एसटी थांबली की जीप थांबे. एसटीच्या धुराने भाऊंचा खाकी शर्ट काळा होई, पण ओव्हरटेक ते करत नसत. पुढे गेलं आणि एसटी मागे बंद पडली तर? कंडक्टर काकींना चिडवे, "मावशी, बंदोबस्त आलाय बघा तुमचा." काकी मागे वळून बघत नसत. मात्र सरळगावच्या स्टँडवर भज्यांचा पुडा घेतला की त्यातली निम्मी भजी खिडकीतून जीपकडे जात.

मधल्या वर्षांत भाऊंनी त्या गळतीवर काय नाही केलं! कल्याणहून नवी ऑइल सीलं आणली. दोन भागांमधलं पॅकिंग लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापलं. पत्रिका जाड हवी म्हणून श्रीमंतांच्या लग्नांना आवर्जून हजेरी लावली. चांभाराकडून कमावलेल्या चामड्याची कडी करून घेतली. शहापूरच्या एका निवृत्त मेकॅनिकने गिअरबॉक्समध्ये पिकलेली केळी घालायला सांगितली. हे मात्र भाऊंना पटलं नाही. "केली? गाडीला शिकरण चारू काय?" दर दुरुस्तीनंतर चार दिवस थेंब पडत नसे. भाऊ छाती काढून हिंडत. मग एखादा चढ चढून आले की पुन्हा तबकात टप्प. आणि प्रत्येक दुरुस्ती झाली की वरून रंगाचा एक हात असेच, जखमेवर हळद लावावी तसा. दसऱ्याची वाट बघणं तेवढ्यापुरतं रद्द. जखमेवर हळद लावावी तसा.

मुरबाडचे रहीम मिस्त्री हा त्यांचा शेवटचा आधार. मिस्त्री अतिशय हुशार आणि अतिशय निराश माणूस होता. काम सुरू करण्यापूर्वीच तो हात वर करत असे. "भाऊ, जीप आहे ही. गळते तोपर्यंत समजायचं की आत तेल आहे. गळायची थांबली की घाबरा."

हे सगळं इतकी वर्षं हसण्यावारी चाललं. हसणं थांबलं ते एका पावसाळ्यात. शेणव्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला वाडी आहे. तिथल्या एका पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या आणि दोघे जण सकाळी धावत भाऊंकडे आले. अशा वेळी भाऊ दौरा-व्हिजिट सगळं विसरत. शर्टाची बटणं लावत लावतच गाडी काढली. बाईला आणि तिच्या सासूला घेऊन परत निघाले आणि वाडीबाहेरच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं. गाडी जागची हलेना. गळणारं तेल क्लचच्या प्लेटवर गेलं होतं. माणसांनी ढकलून बघितलं. चिखलात पाय घसरत होते. म्हातारी सासू गाडीतून उतरली, चढाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "डोलीनं नेली आसती तं कवाच पोचलो आसतो."

मग डोलीच केली. बांबूला घोंगडी बांधली आणि दोघांनी पोर उचलली. भाऊ मागून चालत गेले, उचलणाऱ्यांच्या चपला हातात घेऊन. शेणव्याच्या दवाखान्यात वेळेवर पोचले. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण संध्याकाळी भाऊ कुंपणापाशी आले ते 'परिस्थिती नियंत्रणात' न म्हणताच.

"माझ्या गाडीत बसलेलं माणूस उतरून गेलं, सर. येक घरातलं गेलं ते गेलंच. आता गावातलंबी."

दुसऱ्या दिवशी जीप टेम्पोला बांधून मुरबाडला नेली आणि मिस्त्रीने क्लचची प्लेट बदलली. गळतीचं काय, असं विचारल्यावर त्याने नेहमीप्रमाणे हात वर केले. यावेळी भाऊ अडून बसले. "हात खाली घे. पावसाला संपला का परत येतो. सगला खोल, पण बग."

पावसाळा सरल्यावर ते गेले तेव्हा मीही बरोबर होतो. मला मुरबाडला दाढ काढायची होती. ती काढून, तोंडात कापसाचा बोळा धरून मी गॅरेजात आलो तर मिस्त्री तळाचा पत्रा काढून, रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन गिअरबॉक्सचा रंग खरवडत होता. कुठे तडा गेलाय का बघायचं तर आधी लोखंड दिसायला हवं, असं त्याचं म्हणणं. आणि लोखंड काही दिसेना. हिरव्याखाली तपकिरी, तपकिरीखाली निळा, पुन्हा तपकिरी, पुन्हा निळा, आणि तळाशी गुलाबी. भाऊ शेजारी वाकून एकेक थर ओळखत होते. "हा शालेचा. हा पंचायतीचा. हा आमच्या रेखाच्या लग्नाचा." त्यांच्या आवाजात अभिमान होता. एखाद्याने खापरपणजोबांपर्यंतची नावं सांगावीत तसं चाललं होतं.

माथ्यावर बोल्टच्या डोक्यासारखा एक गोळा होता. मिस्त्रीने ब्रश फिरवला तसा तो झिजून लहान लहान होत गेला, आणि शेवटी निघाली ती एक छोटी टोपी. तिच्या कडेला भोक असावं अशी खूण होती. भोक नव्हतं, रंग होता. मिस्त्री थांबला. त्याने एक बारीक तार घेतली आणि ती जागा कोरायला लागला. किन्हवलीहून आलेला गिअरबॉक्स अजून गरम होता. तार आत गेली आणि फुस्स असा लांबलचक आवाज आला.



"हा ब्रीदर," मिस्त्री म्हणाला. "गाडीचं नाक. बॉक्स तापला की आतली हवा फुगते, ती इथून बाहेर जाते. नाकच बंद, मग हवा तेलाला ढकलते. वाट दिसेल तिथून बाहेर. त्यात सील बिचारं काय करणार? मी समजत होतो, बोल्ट आहे. प्रत्येक वेळी."

"बंद कुनी केला?" भाऊंनी विचारलं.

 मिस्त्री तारेच्या टोकाला लागलेला गुलाबी रंग बघत होता. मग भाऊही बघायला लागले.

  येताना सरळगाव मागे पडल्यावर भाऊ म्हणाले, "येवढी माया लावली, सर."

दाढ गेलेली असल्यामुळे मी नुसता हुंकार दिला.

"नाकच बुजलं."

माणसं अशा वेळी काहीतरी बनवून सांगतात. सील खराब निघालं, मिस्त्री चोर होता, असं. भाऊ घरी आल्यावर थेट ओटीपाशी गेले आणि साहेबांपुढे उभे राहत तसे उभे राहून त्यांनी काकींना सगळं सांगितलं. कुंपण मेंदीचं असल्याने ऐकू न येण्याची सोय नव्हती.

"मंजे तुमीच?" काकी.

"मीच."

"दर दसऱ्याला?"

"दर दसऱ्याला."

मग काकींचं हसणं ऐकू आलं. इतकं की शेवटी त्यांना ठसका लागला आणि भाऊंनी पाणी आणून दिलं.

काकींनी गाडीखालचं तबक काढलं, तिथली जमीन उकरून नवी माती घातली आणि अंगण सारवलं. रोज सकाळी उठून त्या आधी गाडीखाली बघत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. भाऊ मुद्दाम चढांवरून गाडी फिरवून आणत आणि अंगणात लावत. सारवण कोरडं ते कोरडंच. एकदोघे जण डबा घेऊन मेढींसाठी तेल मागायला आले आणि नाराज होऊन परत गेले.

मग काकींच्या भावाला ताप आल्याचा निरोप आला. काकी पिशवी घेऊन निघाल्या, अंगणातल्या जीपला वळसा घालून एसटीच्या थांब्याकडे.

भाऊ चाट पडले. "आगो, थेंब थांबला ना?"

"थांबला. बरं झालं."

"मग बस की."

"कुठं बसू? मधी?"

"मधी कशाला? मागं ऐसपैस जागा हाय."

मी कुंपणापलीकडे वही तपासत होतो. हे उत्तर ऐकून माझी लाल पेन्सिल जागच्या जागी थांबली.

काकी दोन पावलं परत आल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्या दिशी मी आधी बसली व्हती. डावीकडं, पुढं. सगल्या गावानं बघितलं. तुमचा साहेब आला नि तुमी मला बोललात, 'सरक.' नुसतं येवढंच. सरक." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तेलाचं काय वो, ते साबनानं निघालं."

आणि त्या गेल्या. त्या दिवशी जीप एसटीच्या मागे गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आलो तर भाऊ जीपमध्ये बसलेले दिसले, डावीकडच्या सीटवर. टॉवेल काढून घडी करून मांडीवर ठेवला होता. एवढं आयुष्य जीपमध्ये गेलेला माणूस, पण त्या बाजूला ते पहिल्यांदाच बसत असावेत. पाय कुठे ठेवावेत हे त्यांना उमगत नव्हतं. मला पाहून उतरले नाहीत.

"इकडनं सगलं येगलं दिसतं, सर," ते म्हणाले. "काय करायचं नसतं. नुसतं बघायचं."

पुढच्या उन्हाळ्यात संस्थेने माझी शहापूरच्या शाळेत बदली केली. त्यानंतरही भाऊ कधीमधी बाजारात भेटले, लग्नकार्यात भेटले; पण ती भेट म्हणजे दोन वाक्यं आणि नमस्कार. माझ्या डोळ्यांसमोर ते शेवटचे म्हणून राहिले आहेत ते त्याच्या आधीच्या दिवाळीतले, भाऊबिजेच्या सकाळचे.

मी बहिणीकडे निघालो होतो. थांब्यावर गर्दी होती. काकी माहेरी जायला आलेल्या, फराळाचा डबा कडेवर. एसटी लागलेली होती आणि कंडक्टर टपावर पोती चढवून घेत होता. तेवढ्यात जीप आली. भाऊंनी ती काकींच्या समोर थांबवली, पण इंजिन बंद करून ते काही बोलायच्या आत गर्दीतून चेअरमनसाहेब पुढे आले. कडक पांढरे कपडे, कपाळाला ताजा टिळा. सरळगावला कुठल्याशा पतपेढीची फीत कापायची होती आणि त्यांची गाडी मुलाने नेली होती.

"काशिनाथ, बरं झालं आलास. चल, उशीर झालाय," म्हणत ते सवयीने डावीकडे गेले आणि दरवाजा उघडला जाण्याची वाट बघत उभे राहिले.

भाऊ उतरले. वळसा घालून आले. पाठ सरळ झालेली होती, हात कडीवर गेला. काकींनी ते बघितलं. त्यांनी एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवला.

"साहेब, मागं बसा," भाऊ म्हणाले.

चेअरमनना ऐकू आलं नसावं. "काय?"

"मागं. मागं जागा हाय. फराल हाय तेवढा संभालून धरा."

 चेअरमननी आजूबाजूला पाहिलं. एसटीने जायचं तर तिकीट काढावं लागणार होतं आणि उभं राहावं लागणार होतं. ते हळूहळू मागे गेले आणि धोतर सावरत चढले.

भाऊ दरवाजा धरून उभेच होते. काकींकडे बघत नव्हते. समोर कुठेतरी बघत होते, ड्यूटीवरचा ड्रायव्हर बघतो तसे. कपाळावर घाम आलेला होता.

"मावशी, येताय का नाय? जागा धरली तुमची," कंडक्टर टपावरून ओरडला.

काकींनी पायरीवरचा पाय खाली घेतला. डबा मागे चेअरमनच्या मांडीवर दिला. पदर खोचला, आणि गाडीच्या पायरीवर चढून डावीकडच्या सीटवर बसल्या. भाऊंनी दरवाजा लावला. आपटलाही नाही आणि हळूही लावला नाही. लागला एवढं बघून घेतलं.

ते आपल्या जागी येऊन बसले. गाडी सुरू झाली. गिअर टाकताना त्यांनी एकदा त्या दांड्याच्या बुडाकडे बघितलं.

"हलू चालवा," काकी म्हणाल्या. "मला बगत जायचंय."

गाडी हळू निघाली. इतकी हळू की पुढे चाललेली एक बैलगाडी बरोबरीने चालत राहिली. पहिल्या घरापाशी काकींनी काहीतरी सांगितलं असावं, कारण हॉर्न वाजला. मग दुसऱ्या घरापाशी वाजला, मग तिसऱ्या. मागे चेअरमनसाहेब फराळाचा डबा कवटाळून, मान पुढे काढून काहीतरी बोलत होते. बहुधा फीत कापायच्या वेळेविषयी. पण त्या जीपमध्ये मागचं बोलणं पुढे ऐकू येत नाही.